रंगूनचे जडसन कुटुंब

• ॲडोनिराम आणि ॲन जडसन हे मिशनरी दांपत्य फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले, जुलै १८१३ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोहोचले. त्याच मोहिमेतले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती.

• बाप्तिस्मा : काही पंथांत तान्ह्या बाळावर पाणी शिंपडतात. बाप्टिस्ट मात्र विश्वास कबूल केलेल्यालाच, तेही पाण्यात पूर्ण बुडवून देतात. जडसन दांपत्याने १८१२ मध्ये कलकत्त्यात हा दुसरा बाप्तिस्मा घेतला.

• पहिला ब्रह्मी बाप्तिस्मा : माँग नाऊ, २७ जून १८१९. तोवर जडसन येऊन सहा वर्षे उलटली होती.

• घर : मुलगा रॉजर १८१६ मध्ये, वर्षाचाही न होता वारला. इंग्रज-ब्रह्मी युद्धात (१८२४-२६) ॲडोनिराम कैदेत; तान्ह्या मुलीला, मारियाला, घेऊन ॲन तुरुंगाकडे खेपा घालत. ऑक्टोबर १८२६ मध्ये ॲन गेल्या, सहा महिन्यांनी मारियाही.

• ॲडोनिराम यांचे बायबलचे ब्रह्मी भाषांतर १८३४ मध्ये पूर्ण.