वीस पोरं, बारा खेळाडू आणि एक कासव

अंजनवेलच्या शाळकरी पोरांना भूगोलाच्या तासाला खाडी म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागत नाही. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथेच गाव आहे. पलीकडे दाभोळ, अलीकडे गोपाळगड, टोकाला टाळकेश्वरचं दीपगृह आणि पाठीला वीज प्रकल्पाच्या चिमण्या. गुहागर तालुक्यातल्या या कोपऱ्यात शाळा म्हणजे काय काय असतं, त्याची ही चविष्ट भेळ.

पहिला नंबर, दरवर्षीचा

दहावीचा निकाल लागला की कोकणात कुणी "कोण पहिलं आलं?" असं विचारत नाही. कोकण विभागच पहिला येणार, हे ठरलेलं. पूर्वी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात होते. स्वतंत्र कोकण विभाग झाला, 2012 साली त्याचा पहिला निकाल लागला, आणि तेव्हापासून राज्यातल्या नऊ विभागांत हा सर्वांत लहान भाऊ सगळ्यांच्या पुढे आहे. 2024 साली राज्याचा निकाल 95.81 टक्के, कोकणाचा 99.01. 2025 साली राज्य 94.10 वर उतरलं, कोकण 98.82 वर टिकून राहिलं.

आता दुसरा आकडा बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. राज्यात दहावीला पंधरा-सोळा लाख पोरं बसतात. कोकण विभागातून बसतात जेमतेम सव्वीस-सत्तावीस हजार. म्हणजे वर्ग लहान. चाकरमानी मुंबईला गेले, त्यांची पोरं तिकडच्या शाळांत गेली आणि इथला पट आटत गेला. पण लहान वर्गाचा एक फायदा कुणी मोजत नाही: मागच्या बाकावर लपायला जागाच उरत नाही. वीस पोरांच्या वर्गात कुणाचं बीजगणित कच्चं आहे, कुणाच्या घरी आजी आजारी आहे आणि कोण रात्री बापाबरोबर होडीवर जाऊन आलाय, हे सगळं बाईंना ठाऊक असतं.

दीपगृह आणि साठ अंश

दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमितीच्या सरावसंचात एक उदाहरण आहे. दीपगृहाची उंची 90 मीटर, वरून जहाजाकडे पाहताना अवनत कोन 60 अंश, तर जहाज किती लांब? उत्तर येतं सुमारे 52 मीटर. नागपूरच्या मुलाला हे दीपगृह मनात उभं करावं लागतं. अंजनवेलच्या मुलीला नुसती मान वळवावी लागते. एवढ्या जवळ आलेलं जहाज खडकावर बसेल, हे शेजारच्या वेलदूरच्या कोळ्याचं पोर गणित सुटायच्या आधीच सांगेल.

विज्ञानाचंही तसंच. गावाच्या हद्दीत द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवणारा धक्का आहे. पहिलं जहाज 2013 साली लागलं. हा वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याची जागा सुमारे सहाशे पटींनी कमी होते. सहाशे खोल्यांत मावणारा वायू एका खोलीत! अवस्थांतराचा धडा शिकवायला याहून मोठं प्रयोगसाहित्य कुठल्या प्रयोगशाळेत असेल? शेजारच्या वीज प्रकल्पाचा इतिहास तर नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही तासांना पुरेल. एन्रॉनच्या काळात पहिला टप्पा 1999 साली सुरू झाला, 2001 साली सगळं बंद पडलं, 2005 साली नवी कंपनी उभी राहिली आणि पुढे वीज पुन्हा वाहू लागली. क्षमता 1967 मेगावॉट. आजच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी हे सगळं शाळेच्या वयात डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे घरचा अभ्यास घरीच होतो.

आणि इतिहास? गोपाळगड 1699 साली सिद्दीने घेतला, अठराव्या शतकाच्या मध्याला तुळाजी आंग्रेंनी तो त्याच्याकडून हिसकावला, 1818 साली इंग्रजांकडे गेला. सनावळी पाठ करायला कंटाळा आला तर गडावर जावं. जमिनीकडच्या बाजूला खोदलेला खंदक पाहिला की शत्रू समुद्रावरूनच नाही, तर घाटाकडूनही यायचा, हे न सांगता कळतं. पलीकडचं दाभोळ तर त्याहून जुनं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून परत निघाला, तो दाभोळहून जहाजात बसून. आज त्याच खाडीतून दाभोळ-धोपावे फेरीबोट गाड्या आणि माणसं घेऊन सुटते. 2003 पासून ती चालू आहे आणि तिच्यामुळे दापोली तालुका एकदम शेजारी आला.

तालुक्याचा हेडमास्तर

गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावात 9 मे 1866 रोजी एक मुलगा जन्मला. पुढे तो पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाला, अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, आणि 1911 साली कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात उभं राहून मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून विधेयक मांडलं. ते गोपाळ कृष्ण गोखले. 1912 च्या मार्चमध्ये ते विधेयक पडलं. बाजूने 13 मतं, विरोधात 38. त्यानंतर देशाला शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडावं लागलं. म्हणजे मध्ये 98 वर्षं. ज्या तालुक्यातल्या माणसाने यासाठी विधेयक मांडलं, त्या तालुक्यात पट कमी झाला म्हणून शाळा बंद करण्याची भाषा ऐकली की माझ्या पोटात खड्डा पडतो. अकरा पोरांची शाळासुद्धा गोखल्यांच्या तेरा मतांपेक्षा फार लहान नाही.

चालण्याची शर्यत

खाडी ओलांडली की दापोली तालुका, आणि तिथली जुनी पोरं म्हणजे थेट क्रीडा आणि बुद्धी या दोन्ही विभागांतली विक्रमवीर. मुरुडचे धोंडो केशव कर्वे एका परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले, शंभराहून जास्त मैल. तिथे पोचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ते परत आले आणि नंतर कोल्हापूरला जाऊन परीक्षा पास झाले. भारतरत्न मिळालं 1958 साली, वयाच्या शंभरीत. त्यांचे नातलग रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे. 1899 साली केंब्रिजमध्ये गणितात सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पालगडचे साने गुरुजी आणखी जवळचे वाटतात, कारण 'श्यामची आई'मधला श्याम पोहायला घाबरतो आणि आई त्याला विहिरीवर पाठवल्याशिवाय राहत नाही. कोकणातल्या प्रत्येक घरात हा प्रसंग एकदा तरी घडून गेलाय.

आजची सोय पाहा. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून. मुलांना भाड्यात 66.67 टक्के सवलत. कर्वे पायी साताऱ्याला गेले तेव्हा हा पास असता तर महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक सुंदर पान कमी झालं असतं, पण दर पावसाळ्यात निसरड्या वाटेने शाळेला जाणाऱ्या मुलीसाठी मला पासच हवा.

फक्की, लोण आणि घाटावरची फेरी

कबड्डीच्या एका संघात बारा जण लागतात, सात मैदानात आणि पाच बाहेर. वीस पोरांच्या वर्गात निम्म्या मुली. म्हणजे दहा मुलगे, आणि संघ बाराचा! म्हणून खालच्या वर्गातले दोघे उचलून आणायचे. हीच पोरं संध्याकाळी खो-खोला उभी, हीच रिलेत धावणार, हीच प्रार्थनेला पेटी वाजवणार. मोठ्या शहरी शाळेत एखाद्या मुलाला एक खेळ मिळतो. लहान शाळेत एका मुलाला सगळे खेळ मिळतात, नव्हे, सगळे खेळ त्याच्याच वाट्याला येतात. अशा शाळांवर माझा जीव जडलाय तो यासाठी.

मैदान तयार होताना बघायला हवं. पावसाळा संपला की तांबड्या मातीवरचं गवत उपटायचं, जांभ्याचे खडे वेचायचे, पाणी मारून रूळ फिरवायचा. मग सुतळी ताणून पोरं तिच्या कडेने वाकून फक्की टाकत जातात. बोटांच्या चिमटीतून पांढरी पूड सारखी सुटली पाहिजे, नाहीतर बोनस रेषा जाड-बारीक होते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. पहिल्या चढाईला पोराचं पाऊल रेषेवर पडतं आणि तळव्यावर पांढरा शिक्का उमटतो. लोण चढला की दोन गुण जादा, आणि अख्खं मैदान दणाणून जातं.

गंमत अशी की दहावीच्या निकालात कोकण स्वतंत्र, पण शालेय क्रीडा स्पर्धांत रत्नागिरी जिल्हा अजून कोल्हापूर विभागातच आहे. म्हणजे तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, की गाठ पडते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पोरांशी. तालमीच्या मातीत वाढलेल्या त्या पोरांना पकडायला समुद्रावरून आलेली ही सडपातळ पोरं उभी राहतात तेव्हा त्यांचं सगळं बळ चपळाईत असतं. स्पर्धांत वरपर्यंत मजल मारली तर दहावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात, कमाल 25.

खो-खो तर आपल्या घरचाच. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली बांधले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या पोरींनी या दोघांची चित्रं वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत, असं मला मनापासून वाटतं.

चार पेपर आणि एक हत्ती

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत पेपर चार: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. वस्तुचित्रात टेबलावर मांडलेल्या तांब्याचा काठ गोल नव्हे, लंबगोल दिसतो, हे ज्याला एकदा उमगलं त्याला जग वेगळं दिसायला लागतं. त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी आली की दहावीला 7 गुण, ब ला 5, क ला 3. पण कोकणात चित्रकलेची परंपरा परीक्षेहून फार जुनी आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला जांभ्याच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ज्याने तो हत्ती कोरला त्याच्याकडे ना ड्रॉइंगचा कागद होता, ना वरून बघायला ड्रोन.

पाहुणी क्रमांक 03233

राष्ट्रीय हरित सेना 2001-02 पासून शाळांत आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर त्या सेनेला सर्वांत सुंदर काम मिळतं. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. 2022 साली दोन कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, नावं ठेवली वनश्री आणि रेवा. पण मला आवडते ती दुसरीच. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी 2025 मध्ये तीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं मानणाऱ्यांना एका कासवीने हजारो किलोमीटर पोहून उत्तर दिलं. हजेरीपटावर तिचं नाव लिहायला हरकत नाही. दाखला ओडिशाचा, प्रवेश गुहागरात.

एका पायात घुंगरू

स्नेहसंमेलनात मुंबईची गाणी वाजतात, वाजू देत. पण जाखडी नाचाचा गजर सुरू झाला की प्रेक्षकांतले आजोबा पुढे सरकून बसतात. मध्ये मृदंग घेऊन गाणारे बसलेले, भोवती फेर धरलेली पोरं, एका पायात घुंगरू. शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात सवाल-जवाब झडतात आणि पाठांतराचा खरा कस लागतो. कविता चार ओळींच्या वर पाठ होत नाही म्हणून ओरडा खाणारा मुलगा इथे अर्धा तास न अडखळता गातो. नमन या लोकनाट्यात संकासुराची उंच टोपी आणि काळा झगा घालायला तर पोरांत भांडणं होतात. लोककलेतल्या प्रावीण्यालाही दहावीला वाढीव गुण आहेत. घरच्या नमन मंडळात रात्र जागवणाऱ्या पोराला हे गुण मिळतात ही गोष्ट मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा मोठी वाटते.

शिमगा आणि बोर्डाचा पेपर

दहावीची परीक्षा पुष्कळदा फाल्गुनातच येते आणि कोकणात फाल्गुन म्हणजे शिमगा. मुंबईची मंडळी गावी आलेली, सहाणेवर देवाची पालखी, ढोल-ताशा रात्रभर. सकाळी अकराला पेपर. अशा वेळी आई दारावर पालखी आल्यावर पोरीला आतून हाक मारते. ती पुस्तकात बोट ठेवून बाहेर येते, नारळ देते, अंगारा लावून घेते आणि तेच पान उघडून पुन्हा दिव्याखाली बसते.