दुसरा गिअर पडत नाही: जुन्या एमएक्स-५ ची घरच्या घरी दुरुस्ती

मागच्या वेळी आपण क्लच म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच्या मागचा डबा उघडायचा, म्हणजे गिअरबॉक्स. खरं तर उघडायचा नाहीच, न उघडता काय काय करता येतं ते पाहायचं.

उदाहरणाला माझदाची एमएक्स-५ घेतली आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. दोनच माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. आम्ही इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर एक जुनी, पाच गिअरची घेतली. उन्हाळाभर मजेत चालवली. पहिली थंडी पडली आणि सकाळी दुसरा गिअर पडेना. जोर लावला की करकर आवाज. जवळच्या गॅरेजवाल्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला, दुसरा बसवा. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! म्हणून मग आम्हीच गाडीखाली शिरलो.

शिरण्याआधी एक गोष्ट. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चारही बाजूंना स्टॅण्ड, सपाट आणि कडक जमीन, आणि गाडी हाताने हलवून बघायची. हे जमणार नसेल तर पुढचं व्याख्यान नुसतं ऐका.

आता आधी रोग ओळखू. इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, क्लच दाबून, गाडी जागेवरच ठेवून पुन्हा टाका. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर घ्यायचा. पेडल दाबूनही तो पूर्ण सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सला थोडं फिरवतच राहतं. दुसरी खूण रिव्हर्सची. जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, आतला शाफ्ट थांबायला हवा. तरीही रिव्हर्स टाकताना करकरला, तर क्लच ओढतोय.

या गाडीत हा दोष नेहमीचा आहे. क्लच पेडलचा दाब नळीतल्या द्रवातून खाली गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या छोट्या सिलिंडरपर्यंत जातो, त्याला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. त्यातला रबरी सील म्हातारा होतो. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी मागे सारून बघा, आत ओलं दिसलं की सिलिंडर बदलायचा. आमचा ओला होता. भाग स्वस्त, काम तासा-दोन तासांचं. नंतर हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करून लगेच आवळायचं, मगच पेडल सोडायचं. आमच्याकडे हे काम सौभाग्यवतींनी पेडलवर बसून केलं आणि सूचनाही त्यांनीच दिल्या. (हशा) वरच्या टाकीतला द्रव संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि हा द्रव रंग खातो, सांडला तर लगेच पाण्याने धुवा.

एवढं करून आमचं अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं ऑइलचं होतं, आणि तिथे आम्ही चूक केली.

सिंक्रो म्हणजे काय? दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग जोडायचे असतील तर आधी त्यांची गती सारखी करावी लागते. त्यासाठी पितळेसारख्या मिश्रधातूची एक रिंग शंकूवर घासते आणि त्या घर्षणाने गती जुळवते. म्हणजे तिथे घर्षण हवं आहे! दातांना मात्र गुळगुळीतपणा हवा. एकाच ऑइलने ही दोन उलटी कामं करायची असतात. आम्ही दुकानातून जीएल-५ दर्जाचं ऑइल आणलं, आकडा मोठा म्हणजे चांगलं असं समजून. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी रसायनं जास्त असतात, ती मागच्या डिफरन्शियलच्या दातांसाठी उत्तम. पण सिंक्रोची रिंग त्यावर घसरू शकते. या गाडीच्या पुस्तकात दोन्ही चालतात असं लिहिलंय, तेव्हा गाडी बिघडेल असं नाही. आमच्या गाडीत मात्र दुसरा गिअर आधीपेक्षा वाईट झाला. जीएल-४ दर्जाचं ७५ डब्ल्यू ९० भरल्यावर फरक कळला. साधारण दोन लिटर लागतं.

ऑइल काढताना क्रम पाळा. आधी बाजूचं, भरायचं बूच सैल होतं का ते बघा. ते जाम असेल आणि तुम्ही खालचं बूच काढून ऑइल सांडून मोकळे झालात, तर गाडी तिथेच अडकली. ऑइल कोमट असताना काढा आणि बुचाच्या चुंबकावर काय चिकटलंय ते पाहा. राखाडी, बारीक पेस्ट असेल तर काळजी नको. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गॅरेजवाले बरोबर होते असं समजा. नवं ऑइल बाजूच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचं. गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली असेल तरच ही पातळी खरी.

आता सगळ्यात मजेशीर भाग. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबल असतात. इथे तसं काही नाही, लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात शिरलेली असते. पाच गिअरच्या गाडीत तिच्या बुडाशी ऑइलची वेगळी छोटी विहीर आहे, जेमतेम ८०-९० मिलिलिटरची. खालचं ऑइल बदललं तरी ही विहीर तशीच राहते, आणि वर्षानुवर्षं कोणी तिच्याकडे बघत नाही. मधला कन्सोल काढा, रबरी बूट काढा, लिव्हर न्यूट्रलला ठेवून बोल्ट काढून वर उचला. आमच्या विहिरीत ऑइल नव्हतंच, तळाला काळा चिखल होता. लिव्हरच्या टोकाची नायलॉनची बुशी विटकरीसारखी भुगा झाली होती. तिचे तुकडे चिमट्याने एकेक काढा, खाली राहू देऊ नका. सिरिंजने चिखल ओढा, फडक्याने पुसा, नवी बुशी, नवं ऑइल. खालचा रबरी बूट फाटलेला असेल तर तोही बदला. गाडीत पायाशी गरम हवा आणि गिअरचा आवाज येत असेल तर तो नक्की फाटलेला आहे.

मागून प्रश्न आलाय की बाटलीतलं एखादं औषध ऑइलमध्ये टाकून चालेल का. आम्ही टाकत नाही. सिंक्रो झिजला असेल तर ते धातू परत आणत नाही. झिजलाय का, हे असं तपासा: गाडी तापल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडा, ॲक्सिलरेटर किंचित दाबा, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. असा अलगद पडतो आणि साध्या पद्धतीने करकरतो, तर रिंग गेली. मग मात्र डबा खाली उतरवावाच लागेल, आणि ते काम अंगणातलं नाही.

आमची गाडी आता कशी आहे? लिव्हर घट्ट आणि नेमकी झाली, तिसरा-चौथा सुरेख पडतो. कडक थंडीत पहिली काही मिनिटं दुसरा अजून कुरकुरतो, तेवढा वेळ आम्ही सावकाश चालवतो. आणि हो, काढलेलं जुनं ऑइल बंद डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरवर द्या, गटारात नको.