१९४६ चा नौसैनिकांचा उठाव : शरणागतीनंतरचे राजकारण

प्रास्ताविक

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी अन्न नाकारले. पाच दिवसांनी, २३ फेब्रुवारीच्या सकाळी, जहाजांवर काळी निशाणे चढली आणि शरणागती जाहीर झाली. मधल्या पाच दिवसांविषयी मराठीत व इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. कॅसल बॅरॅक्समधील गोळीबार, ‘गेटवे ऑफ इंडिया’पाशी अन्नाची पुडकी घेऊन आलेले नागरिक, गिरणगावातील हरताळ ही चित्रे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. शरणागतीनंतर त्या नौसैनिकांचे काय झाले आणि जे झाले ते तसे का झाले, याची चर्चा मात्र त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. नौसैनिकांना दिलेले आश्वासन कोणी दिले, ते पाळण्याची सत्ता कोणाच्या हाती होती आणि ती सत्ता हाती आल्यावर काय घडले, हे तीन प्रश्न एका ओळीत ठेवून पाहिले, तर या प्रकरणाचे स्वरूप पुष्कळसे उलगडते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आसपास होते. युद्ध संपताना ते तीस हजारांच्या घरात गेले होते. भरती करताना दाखविलेली आमिषे, प्रत्यक्षातील निकृष्ट अन्न, गोऱ्या व हिंदी नौसैनिकांच्या वेतनातील तफावत आणि युद्धसमाप्तीनंतरची बेकारीची भीती यांतून असंतोष साचत गेला. त्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यातील खटल्याने देशाचे वातावरण तापलेले होते. ‘तलवार’वर घोषणा रंगविल्याबद्दल बलाइचंद दत्त यांना २ फेब्रुवारी रोजी अटक झाली. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी नौसैनिकांना उद्देशून अर्वाच्य भाषा वापरली आणि ठिणगी पडली. अभ्यासकांच्या लेखनात सामान्यतः ७८ जहाजे, २० किनारी तळ व सुमारे वीस हजार नौसैनिक या उठावात सामील झाल्याचे आकडे दिले जातात. एम. एस. खान हे मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष, तर मदन सिंग उपाध्यक्ष होते.

समितीच्या मागण्या लक्षपूर्वक पाहिल्या पाहिजेत. अन्न, वेतन आणि कमांडर किंग यांच्यावरील कारवाई या मागण्यांच्या जोडीला राजबंद्यांची व आझाद हिंद सेनेतील सैनिकांची मुक्तता, तसेच इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घेणे या मागण्याही त्याच यादीत होत्या. पोटाचा प्रश्न आणि राजकारणाचा प्रश्न नौसैनिकांनी वेगळे मानले नव्हते. पुढे ज्यांनी ज्यांनी या घटनेचा निवाडा केला, त्यांनी मात्र दोहोंची फारकत करूनच तो केला.

आश्वासन

नौदलाचे प्रमुख अॅडमिरल गॉडफ्रे यांनी २१ फेब्रुवारी रोजी नभोवाणीवरून, वेळ पडल्यास सारे नौदल नष्ट झाले तरी चालेल, अशा आशयाची धमकी दिली. बिनशर्त शरणागतीखेरीज सरकारला काहीही मान्य नव्हते. दुसऱ्या दिवशी कम्युनिस्ट पक्षाच्या आवाहनावरून मुंबईत हरताळ झाला. लष्कर व पोलीस यांच्या गोळीबारात २२८ नागरिक मृत्युमुखी पडले, असा सरकारी आकडा सुमित सरकार यांच्यासारख्या इतिहासकारांनी नोंदविला आहे. जहाजांवरील एकूण प्राणहानीच्या कितीतरी पट माणसे रस्त्यावर मेली, ही बाब ‘नाविक बंड’ या नावामुळे बहुधा झाकली जाते. कॅसल बॅरॅक्सपुढे आरंभी मराठा पलटणीचे जवान उभे होते आणि नंतर तेथे गोऱ्या तुकड्या आणल्या गेल्या, हेही येथे नोंदवावयास हवे. हिंदी शिपायावर आता कितपत विसंबता येईल, ही शंका सरकारला वाटू लागली होती.

अशा स्थितीत सरदार वल्लभभाई पटेल यांनी मुंबईतून नौसैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला. कोणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस शक्य ते सर्व करील, असे त्यांनी कळविले. बॅरिस्टर जीना यांनीही त्याच स्वरूपाचे आवाहन केले, तेही विशेषतः मुस्लिम नौसैनिकांना उद्देशून. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे शेजारी-शेजारी फडकत असताना हा ‘विशेषतः’ फार बोलका आहे. आपण हिंदुस्थानपुढे शरण जात आहोत, ब्रिटनपुढे नव्हे, असे संप समितीने शेवटी घोषित केले. प्रत्यक्षात मात्र शरणागती स्वीकारणारे ब्रिटिश अधिकारीच होते. आश्वासन एकाचे आणि बंदोबस्त दुसऱ्याचा, असा तो प्रकार झाला.

पक्षांतर्गत तणाव

या घटनेने राष्ट्रीय चळवळीतही उभा छेद गेला. महात्मा गांधींनी नौसैनिकांच्या कृतीला अविचारी ठरविले. हिंसेसाठी झालेली हिंदू-मुसलमानांची एकजूट त्यांना अपवित्र वाटली. अरुणा असफअली यांनी त्यावर जाहीर प्रतिवाद केला. घटनात्मक वाटाघाटींपेक्षा मोर्चावर दोन्ही जमाती अधिक सहज एकत्र येतील, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. गंमत अशी की, अरुणाबाई मुंबईत नौसैनिकांची बाजू घेत असताना त्यांचे पती असफअली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात याच प्रश्नावर सरकारला धारेवर धरीत होते. पंडित नेहरूंचा कल सहानुभूतीचा होता. मुंबईस येऊन त्यांनी जाहीर सभेत नौसैनिकांच्या भावनेचे कौतुक केले, हिंसाचाराचे मात्र समर्थन केले नाही.

पटेलांची भूमिका यांत सर्वांत स्पष्ट होती. आंध्रातील एका काँग्रेस पुढाऱ्यास १ मार्च १९४६ रोजी लिहिलेल्या पत्रात, सैन्याच्या शिस्तीला हात लावता येणार नाही, स्वतंत्र हिंदुस्थानालाही सैन्य लागणारच आहे, असा विचार त्यांनी मांडला. डाव्या विचारांच्या अभ्यासकांनी याला क्रांतीशी केलेली प्रतारणा म्हटले आहे. प्रस्तुत लेखकास हे म्हणणे अपुरे वाटते. १९ फेब्रुवारी रोजीच ॲटली यांनी कॅबिनेट मिशनची घोषणा केली होती. सत्तांतर दृष्टिपथात आले होते. उद्या जे सैन्य आपले होणार, ते आज अवज्ञा शिकले तर उद्या आपलीही अवज्ञा करील, हा हिशेब राज्यकर्त्याचा होता. पटेल त्या वेळी राज्यकर्ते नव्हते, तरी ते आधीच त्या भूमिकेतून विचार करू लागले होते. त्यांच्या हिशेबाला जबलपूरच्या घटनेने दुजोराच मिळाला असावा : २७ फेब्रुवारी रोजी तेथील सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सुमारे सतराशे सैनिक संपावर गेले. हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्याने सुटत नाही, एवढेच.

चौकशी आणि शिक्षा

संपाच्या पुढाऱ्यांना मुंबईजवळ मुलुंडच्या छावणीत डांबण्यात आले. गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस-अॅडमिरल माइल्स आले. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्यात दोन हिंदी न्यायाधीश आणि दोन ब्रिटिश सेनाधिकारी होते. सदस्यांपैकी मेहरचंद महाजन पुढे स्वतंत्र भारताचे सरन्यायाधीश झाले, फझल अलीही सर्वोच्च न्यायालयात बसले. आयोगाचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ दूर न केलेल्या सेवाविषयक तक्रारींतून पसरलेला असंतोष हे मूळ कारण होय आणि राजकीय परिस्थितीने तो चिघळला, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष नौसैनिकांच्या बाजूचा दिसतो. पण तक्रारी खऱ्या होत्या हे मान्य झाले, तरी तक्रार करणाऱ्यांना काढून टाकण्याचे काम तोपर्यंत उरकले होते. बडतर्फ झालेल्यांचा आकडा साधारणतः ४७६ असा दिला जातो. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार आले. पटेल गृहखात्याचे, तर बलदेव सिंग संरक्षण खात्याचे सदस्य झाले. फेब्रुवारीतील आश्वासन देणारा पक्ष आता सत्तेत होता, म्हणजे ‘आमच्या हाती काही नाही’ ही सबब उरली नव्हती. तथापि बडतर्फांना परत घेतले गेले नाही. स्वातंत्र्यानंतर भारताच्या नौदलात त्यांना जागा मिळाली नाही आणि पाकिस्तानच्या नौदलातही नाही. फाळणीनंतर दोन्ही राज्यांचे ज्या मोजक्या बाबतींत एकमत राहिले, त्यांत ही एक. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांनाही भारतीय सैन्यात पुन्हा प्रवेश मिळाला नाही. मात्र त्यांच्या वाट्याला लोकगौरव तरी आला.

नामांतर

संप समितीच्या लेखी हा ‘संप’ होता, सरकारच्या व आयोगाच्या लेखी ‘म्युटिनी’. आज त्याला ‘उठाव’ म्हटले जाते. ही तीन नावे तीन वेगवेगळे निवाडे आहेत. संपकऱ्याशी वाटाघाट करता येते, बंडखोराला शिक्षाच होते आणि उठाव करणाऱ्याचे स्मारक होते. उत्पल दत्त यांच्या ‘कल्लोल’ या नाटकाने १९६५ मध्ये कलकत्त्याच्या रंगभूमीवर हा विषय आणला, त्याच वर्षी दत्त यांना तुरुंगवास घडला. पुढे केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत या उठावाला मान्यता मिळाली. कुलाब्यात स्मारक उभे राहिले आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव झळकला. नौदलाने मदन सिंग व बी. सी. दत्त यांची नावे आपल्या नौकांना दिली आहेत. त्या युद्धनौका नव्हेत, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याशी आणणाऱ्या टग-नौका आहेत. जिथे गोळीबार झाला, त्या कॅसल बॅरॅक्सच्या जागी आज ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे.

निवृत्तिवेतनाची मान्यता आणि नौदलातील पुनर्नियुक्ती यांत मूलभूत फरक आहे. पहिलीत राज्यसंस्था नागरिकाच्या देशभक्तीची दखल घेते. दुसरीत सैनिकाच्या अवज्ञेला वैधता द्यावी लागली असती. भारतीय राज्याने पहिली गोष्ट दिली आणि दुसरी कधीच दिली नाही. ‘तलवार’वर अन्न नाकारणाऱ्या तरुणांनी मात्र आपण नागरिक कधी आणि सैनिक कधी, अशी वाटणी केली नव्हती.