छर्रा कोणता, हे नळीला विचारा

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत हवा दाबण्याचं काम फार जुनं आहे. १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक इथलीच. तिचे कॉम्प्रेसर देशभरातल्या कारखान्यांत चालतात. एअर रायफल म्हणजेही दाबलेल्या हवेवर चालणारं एक यंत्रच. कारखान्यातली हवा हत्यारं आणि झडपा चालवते, रायफलीतली हवा अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या तुकड्याला दहा मीटरवरच्या कागदापर्यंत पोचवते. पश्चिम महाराष्ट्राला तर या यंत्राचं जुनं वेड आहे. जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीपासून ते सुरू होतं आणि बालेवाडीच्या रेंजवर, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या संकुलात, ते खेळाचं रूप घेतं. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने तर पाइपांच्या जोडीला एअर रायफलीही बनवल्या, आणि ‘आयएचपी’ची रायफल अनेक घरांत अजून सांभाळून ठेवलेली आहे.

आज रायफल घरी आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: छर्रे कोणते घेऊ? दुकानात गोल टोकाचे, चपटे, टोकदार, मध्ये खड्डा असलेले, सोनेरी मुलामा दिलेले असे डबे ओळीने मांडलेले असतात. किंमत शंभर-दीडशेपासून हजाराच्या पुढे. बहुतेक जण एकतर सर्वांत महाग डबा घेतात, किंवा ज्याच्यावर वेगाचा आकडा सर्वांत मोठा छापलेला आहे तो. दोन्ही निकष चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत ते समजून घेण्यात बरंच भौतिकशास्त्र शिकायला मिळतं.

आधी छऱ्याचा आकार बघा. डोकं भरीव, कंबर बारीक, मागचा घेर पातळ आणि आतून पोकळ. हवेचा दाब मागून येतो तेव्हा तो पोकळ घेर फुगतो आणि नळीच्या भिंतीला घट्ट बसतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. डोकं नळीतल्या पिळदार खाचांवर टेकून पुढे सरकतं. बऱ्याच एअर रायफलींत या खाचा साधारण ४५ सेंटिमीटरमध्ये एक वळसा घेतात. छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटला, तर तो सेकंदाला जवळजवळ ३९० फेऱ्या मारत बाहेर पडतो. वजन पुढे आणि पोकळी मागे असल्यामुळे हवेचा रोध शेपटी मागेच धरून ठेवतो. फिरकी आणि रोध असे दोन राखणदार एकाच वेळी त्याचं तोंड सरळ ठेवतात.

नळीचा व्यास नावाला ४.५ मिलिमीटर. प्रत्यक्षात प्रत्येक नळी त्याहून किंचित वेगळी असते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्याही सारख्या नसतात. म्हणून चांगले उत्पादक एकच छर्रा ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ मिलिमीटर अशा डोक्यांत विकतात. डोकं सैल असेल तर छर्रा नळीत किंचित कलतो आणि तो कल घेऊनच बाहेर पडतो. फार घट्ट असेल तर त्याला ढकलायला जास्त दाब लागतो. स्प्रिंगच्या रायफलीत हे जास्त जाणवतं, कारण पिस्टन क्षणार्धात येऊन आदळतो आणि छर्रा कोणत्या क्षणी जागचा हलतो यावर पुढचं सगळं ठरतं. २०० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफली याबाबत थोड्या सोशिक असतात.

आता वेगाच्या आकड्याकडे येऊ. आपल्याकडच्या शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. समजा रायफल पूर्ण २० जूल देते. ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा तेवढ्या ऊर्जेवर सेकंदाला सुमारे २७५ मीटर जातो. ०.३५ ग्रॅमचा हलका, शिसं नसलेला छर्रा त्याच ऊर्जेवर ३३८ मीटरला पोचतो. डब्यावर छापायला हा आकडा छान दिसतो. पण चैत्रातल्या पुण्यात, ३५ अंशांना, हवेतून आवाज जातो सेकंदाला सुमारे ३५२ मीटरने. त्या वेगाच्या जवळ, साधारण २८० मीटरच्या पुढे गेलं की छऱ्याभोवतीच्या हवेचा काही भाग आवाजाचा वेग ओलांडतो, आघातलहरी उठतात, त्या बारक्या कंबरेभोवती प्रवाह विस्कटतो आणि छर्रा डगमगतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण पैसे मोजले, त्यानेच नेम बिघडवला. मध्यम शक्तीच्या रायफलीत ०.५ ते ०.५५ ग्रॅमच्या आसपासचा शिशाचा छर्रा हीच समंजस सुरुवात आहे. दहा मीटरवर कागदी लक्ष्य असेल तर चपट्या डोक्याचा, कारण तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजणं सोपं जातं. पंचवीस मीटर किंवा पुढे जायचं असेल तर गोल डोक्याचा. टोकदार छर्रा मात्र दिसायलाच आकर्षक. ते टोक नेमकं मध्यावर घडवणं अवघड असतं आणि नेमबाजीत त्याचा काही उपयोग होत नाही.

ही बारीकसारीक वाटणारी तयारी किती दूर नेते, ते २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पंवार आणि ऐश्वर्य तोमर यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये सांघिक सुवर्ण जिंकताना १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. १८० नेम, म्हणजे सरासरी १०.५२. या खेळात दहाचं वर्तुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर व्यासाचं असतं. १०.९ मिळवायला छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत लागतो, १०.५ ला सव्वा मिलिमीटर. तीन माणसांनी १८० वेळा श्वास आवरून, सरासरीने तेवढ्या जागेत छर्रे बसवले. अशा पातळीवर रायफल आणि छऱ्याने स्वतःहून अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे केलं तर पदक जातं. म्हणूनच अव्वल नेमबाज नळी शिकंज्यात पकडून, एकाच नावाच्या छऱ्याचे वेगवेगळे लॉट एकामागून एक तपासतात आणि पसंत पडलेल्या लॉटचे डबे वर्षभरासाठी साठवतात. नाव तेच असलं तरी साचा बदलला की छर्रा बदलतो.

आपल्याला शिकंजा नको, पण पद्धत तीच हवी. आणि खरी फसगत इथेच होते. चार-सहा डबे आणायचे, प्रत्येकाचे पाच छर्रे मारायचे, ज्याच्या भोकांचा घोळका, म्हणजे ग्रुप, सर्वांत लहान तो जिंकला: हे इतकं नैसर्गिक वाटतं की यात काही चुकतंय असा संशयही येत नाही. समजा एखादा छर्रा तुमच्या हातात सरासरी २० मिलिमीटरचा पाच-छर्‍यांचा ग्रुप देतो. काहीही न बदलता तोच छर्रा एकदा १४ चा देईल आणि एकदा २७ चा. कारण ग्रुपची रुंदी आपण फक्त सर्वांत दूरच्या दोन भोकांवरून मोजतो, उरलेल्या तीन छऱ्यांची साक्ष घेतच नाही. आता आठ डब्यांत गुपचूप एकच छर्रा भरून ठेवला, तरी आठ ग्रुपांमधला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांत दुपटीचा फरक सहज पडतो. म्हणजे छऱ्यांत काडीचाही फरक नसताना आपण एकाला विजेता ठरवून त्याचे दहा डबे घेऊन येऊ. औषधांच्या चाचण्यांपासून शेतातल्या बियाण्यांपर्यंत सगळीकडे याच सापळ्यापासून सांभाळावं लागतं.

तोडगा साधा आहे, कष्टाचा आहे. प्रत्येक डब्याचे निदान तीसेक छर्रे मारा, दहा-दहाच्या तीन ग्रुपांत. सगळे एकदम न मारता फेऱ्या करा: पहिल्याचे दहा, दुसऱ्याचे दहा, तिसऱ्याचे दहा, मग पुन्हा पहिला, आणि प्रत्येक फेरीत क्रम बदला. नाहीतर शेवटच्या डब्याच्या वाट्याला दमलेला हात आणि तापलेली रायफल येते. डबा बदलला की पहिले दहा-पंधरा छर्रे मोजू नका, कारण नळीत आधीच्या छऱ्याच्या शिशाचा थर असतो. मोजताना फक्त टोकाच्या दोन भोकांवर विसंबू नका. सगळ्या भोकांचा मध्य काढा आणि प्रत्येक भोकाचं त्या मध्यापासूनचं अंतर घेऊन सरासरी करा. अशाने तीसही छर्रे बोलतात. घरातल्या कुणाला डबे लपवून छर्रे हातात द्यायला सांगता आलं तर उत्तम. महागड्या डब्यावर आपला हात नकळत जास्त काळजीने चालतो. दहा-छर्‍यांचा ग्रुप पाचांपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येणारच, त्याने खचू नका.

रायफल नवी असेल तर आधी तिला शंभर-दोनशे छर्रे बसू द्या. नव्या स्प्रिंगच्या रायफलीत उरलेलं तेल दाबाने तापून पेटतं, धूर आणि वास येतो, वेग वरखाली होतो. त्या दिवसांतला निकाल धरू नये. विटेवर किंवा टेबलाच्या कडेवर ती टेकवूही नये. स्प्रिंगची रायफल सुटताना मागे-पुढे उडी मारते, तिला ती मारू द्यावी: पुढचा दस्ता उघड्या तळव्यावर, दर वेळी त्याच जागी, न आवळता.

छर्रे वजन करून निवडावेत का, असं बरेच जण विचारतात. गणित करून बघू. दहा मीटरला छर्रा सुमारे ०.०६ सेकंद हवेत असतो आणि तेवढ्यात साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वजन एक टक्का बदललं तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि हे पडणं एक टक्क्याने, म्हणजे ०.२ मिलिमीटरहून कमी. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते मोलाचं असेल, आपल्या १५-२० मिलिमीटरच्या ग्रुपात ते दिसणारही नाही. त्यापेक्षा डबा कागदावर ओतून ज्यांचा मागचा घेर चेपलाय ते बाजूला काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक कागदावर दिसतो.

हे सगळं कुठे करायचं, यावर मी आग्रही आहे. हडपसर, मगरपट्टा, मुंढव्याकडच्या सोसायट्यांत एकमेकांच्या गॅलऱ्या समोरासमोर आहेत. गच्ची किंवा गॅलरी ही चाचणीची जागा नव्हे. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा कायमचा जातो. बालेवाडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हे खरं, पण रेंजवर एक सकाळ घालवणं हेच योग्य. गॅलरीत येणाऱ्या कबुतरांवर नेम धरणं तर सरळसरळ क्रौर्य आहे, आणि १९६० च्या कायद्याने प्राण्यांवरचं क्रौर्य गुन्हा आहे. शिसंही हलक्यात घेऊ नका: छर्रे ओठांत धरायची जुनी सवय सोडा, छर्रे हाताळल्यावर जेवण्याआधी साबणाने हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर डबा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

तीस-तीस छऱ्यांनंतरही दोन डब्यांत फरक दिसत नसेल, तर दोघांपैकी स्वस्त घ्या. निवड झाली की डब्याच्या मागचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे तीन-चार डबे एकदम घ्या. पुढचा लॉट आला की नव्याने तीस छर्रे मारा.