तात्यांची व्हॉल्वची पेटी

भाटघर म्हटले की लोकांना वेळवंडी नदीवरचे धरण आठवते. आम्हांस मात्र तात्यांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांच्या घरातली राखाडी पत्र्याची पेटी आठवते. तात्यांनी ती १९७० च्या सुमारास पुण्याच्या जुन्या बाजारात घेतली. कंपनीचे नाव नाही. कोणा पेठेतल्या मेकॅनिकने हाताने जोडलेला तो ॲम्प्लिफायर. आत काचेचे पाच व्हॉल्व. बटण दाबले की आवाज लगेच येत नसे. आधी व्हॉल्वमध्ये तांबूस उजेड दिसे, मग थोड्या वेळाने स्पीकरला जाग येई. तेवढा वेळ आम्ही पोरे श्वास धरून बसत असू.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गेलो, तर पेटी ओट्यावर, भंगारवाल्याच्या वाटेवर. बारा-तेरा वर्षे ती मुकी होती. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यावर डोळा ठेवून भंगारवाल्याने ३०० रुपये सांगितले होते. काकी म्हणाल्या, "नुसती जागा अडवतीया. उंदरांनी घर केलंय तिच्यात." तात्या काही बोलेनात. त्यांची नात आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. ती म्हणाली, "आजोबा, आठ दिवस मला द्या. मग खुशाल विका."

वाचकहो, हे लिहिण्याचे कारण एवढेच की, अशा पेट्या अजून कित्येक घरांत माळ्यावर पडून असतील. आज शहरातले हौशी लोक व्हॉल्वच्या नव्या ॲम्प्लिफायरला लाखांत मोजतात. आपल्याकडे तीच वस्तू तांब्याच्या भावाने जाते. विकायची तर जरूर विकावी, पण काय विकतो ते पाहून विकावी.

व्हॉल्व म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापली की तिच्याभोवतीच्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. फ्लेमिंग यांनी १९०४ साली अशी दोन टोकांची नळी केली. १९०६ साली अमेरिकेत डी फॉरेस्ट यांनी मध्ये जाळी घातली. जाळीवरच्या बारीकशा विजेने मोठा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. आवाज मोठा होतो तो असा. पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला आणि व्हॉल्व मागे पडले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व बनत, काचेवर बी.ई.एल. अशी अक्षरे दिसली तर ते तिथले. नवे व्हॉल्व आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि महाग पडतात.

पोरीने पेटी उघडली, पण हात घातला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. या पेटीत अडीचशे-तीनशे व्होल्टचा डी.सी. खेळतो, आणि प्लग काढला तरी तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. माणूस मारायला तो पुरेसा आहे. आमच्या एका भावाने लहानपणी "बंदच तर आहे" म्हणून बोट लावले आणि उलटा फेकला गेला. वाचला हे नशीब. पोरीने आधी मीटर लावला. पेटी इतकी वर्षे बंद होती तरीसुद्धा. दुरुस्ती चालू झाल्यावर दर वेळी प्लग काढून ती १० हजार ओहमच्या जाड रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामे करी, पुन्हा मीटर लावी, आणि एक हात पाठीमागे ठेवूनच काम करी. ज्याला एवढा धीर नाही त्याने पेटी उघडू नये, जाणत्याकडे न्यावी.

मग तिने दोन्ही ट्रान्सफॉर्मर तपासले. सारे त्यांच्यावरच असते. व्हॉल्व मिळतो, कंडेन्सर मिळतो, पण ट्रान्सफॉर्मर जळाला तर नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो आणि स्वस्ताईची सगळी गोष्ट तिथे संपते. आमच्या पेटीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असाच एकदा जळाला होता. एका १४ एप्रिलला तात्यांनी पेटी वस्तीत नेऊन तिला भोंगा जोडला. गर्दीत कोणाच्या तरी पायाने भोंग्याची तार निघाली आणि पेटी तशीच चालू राहिली. व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवू नये तो यासाठी. पुण्याहून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणीपर्यंत दोन महिन्यांचे पैसे गेले, आणि काकींनी ते अजून विसरलेले नाहीत.

या वेळी दोन्ही ट्रान्सफॉर्मर शाबूत निघाले. गेला होता तो ईझेड ८१, म्हणजे विजेचा डी.सी. करणारा व्हॉल्व. कारणही सापडले. मागे कोणा मेकॅनिकने घरघर थांबावी म्हणून त्याच्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला होता. या व्हॉल्वला ५० च्या वर चालत नाही. बटण दाबताच मोठा कंडेन्सर इतका प्रवाह ओढतो की व्हॉल्व दमतो. पोरीने ४७ चा, ४५० व्होल्टचा टाकला. आवाजाच्या दोन ईएल ८४ व्हॉल्वकडे जाणारे जुने कागदी कंडेन्सरही बदलले, कारण ते गळू लागले की ईएल ८४ चा पत्रा लालभडक होतो आणि व्हॉल्व मरतो. ईएल ८४ मात्र जुनेच चालले. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा डाग असतो, तो पांढरा पडला तर आत हवा शिरली असे समजावे. आमचे दोन्ही चकचकीत होते.

आम्ही पडलो कारकून, हिशेब ठेवला. कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि सोल्डर पुण्याच्या तपकीर गल्लीतून ३४० रुपयांत आले. जुना पण चालू ईझेड ८१ एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ६०० ला दिला. एकूण ९४०.

पहिल्यांदा चालू करताना तिने मध्ये सिरीजचा बल्ब लावला, साठचा पिवळा. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. तो क्षणभर उजळून मंद झाला, तेव्हा सर्वांनी श्वास सोडला. मग थेट लाइनवर घेतले. मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र न जोडता प्रत्येकीला एक हजार ओहमचा रेझिस्टन्स लावून तिने वामनदादा कर्डकांचे गाणे लावले. दहा-बारा वॉटचा आवाज, पण खोली भरली. हा आवाज नव्या यंत्राहून चांगला असे आम्ही म्हणणार नाही. व्हॉल्व आवाजात आपली थोडी भर घालतो, ती कानाला गोड लागते इतकेच. बारीक घरघरही अजून आहे.

तात्या भिंतीला टेकून ऐकत होते. काकींनी विचारले, "लाइट किती खाती?" आम्ही सांगितले, साधारण ५५ वॉट, रोज दोन तास लावली तर महिन्याला सव्वातीन युनिट. काकी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग लावा. पण माझ्या मालिकेच्या टायमाला नको."