साचा कोठें भरावा?

घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेल्या लोकलमध्यें मोबाइलवर एखादें वेबपान उघडावें, वरचें शीर्षक दिसावें आणि खालीं मात्र सारें कोरेंच राहावें, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांस असेल. दोष नेहमीं नेटवर्कचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां पान आपल्यापर्यंत आलेलेंच नसतें. आलेला असतो तो केवळ त्याचा साचा.

हा साचा मोदकाच्या साच्यासारखाच समजावा. एचटीएमएलच्या साच्यांत पानाची रचना ठरलेली असते आणि नांव, तारीख, मजकूर यांसाठीं मोकळ्या जागा असतात. त्या सर्व्हरवर, म्हणजे पान पाठविणाऱ्या दूरच्या संगणकावर, भरल्या तर तयार मोदक ताटांत येतो. ब्राउझरमध्यें भरावयाच्या ठरल्या तर साचा, सारण आणि कृति सांगणारी जावास्क्रिप्ट या वस्तु निरनिराळ्या येतात व उकडण्याचें काम आपल्या मोबाइलला करावें लागतें. एक वस्तु वाटेंत अडली कीं ताट रिकामें.

पहिल्या पद्धतीचें उत्तम उदाहरण आपल्या भाषेंतच आहे. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत 'साचा' हाच शब्द रूढ आहे. दुहेरी महिरपी कंसांत साच्याचें नांव लिहिलें कीं मीडियाविकि ही प्रणाली सर्व्हरवरच तो उलगडते. बोरिवलीवरील लेख उघडणाऱ्यास सिद्ध पान मिळतें, आणि तेंच राखून ठेवून पुढील वाचकांसहि देतां येतें.

मग ब्राउझरसाठीं लिहिलेले साचे सर्व्हरवर चालतील काय? पूर्वीं ते बहुधा दुसऱ्या भाषेंत पुन्हां लिहावे लागत. मग हजेरीपटांत एक आंकडा आणि प्रगतिपुस्तकांत दुसरा, तशी दोन प्रतींत तफावत पडे. जावास्क्रिप्ट १९९५ सालीं ब्राउझरसाठीं जन्मली. २००९ मध्यें रायन डाल यांनीं नोड ही प्रणाली पुढें आणल्यावर ती सर्व्हरवरहि सर्रास चालूं लागली. आतां एकच साचा दोन्हीकडे वापरतां येतो: सर्व्हर पान भरून पाठवितो, ब्राउझर त्यांतील बटणांस चालना देतो.

पथ्य एकच. सर्व्हरला वाचकाचा पडदा दिसत नाहीं. 'पडद्याची रुंदी किती?', 'आतां किती वाजले?' असें साचा विचारूं लागला तर सर्व्हरचें उत्तर एक आणि ब्राउझरचें दुसरें होऊन मांडणी डोळ्यांदेखत विसकटते. असे प्रश्न ब्राउझरकडेच सोपवावे.

नकाशा सरकविणें, चित्र रंगविणें हीं कामें ब्राउझरनें खुशाल करावीं. वाचावयाचा मजकूर मात्र सर्व्हरवरून भरूनच यावा. कारण जुना मोबाइल बाळगणारा गृहस्थहि वाचकच आहे, आणि पान उघडतांच त्याला अक्षरें दिसलीं पाहिजेत.