टाळेबंदीत मिथेन का वाढला?

टाळेबंदीत गाड्या, कारखाने, विमानं थांबली. मग तापमानवाढीला थोडा तरी आळा बसला असेल ना, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर निराश करणारं आहे, पण त्यामागचं रसायनशास्त्र मला फार विलक्षण वाटतं.

एप्रिल २०२०मध्ये जालंधरकरांना गच्चीवरून धौलाधारची बर्फाळ शिखरं दिसली. मुंबई-दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी घटल्याचं युरोपच्या सेंटिनल-५पी उपग्रहाने टिपलं. हा वायू हवेत काही तासच टिकतो, म्हणून वाहतूक थांबताच ओसरतो. कार्बन डायऑक्साइड असा जात नाही. जगाचं दैनंदिन उत्सर्जन एप्रिलच्या सुरुवातीला १७ टक्क्यांनी उतरलं खरं, पण वर्षअखेरीस घट भरली जेमतेम ५ टक्के. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत मे महिन्याची सरासरी ४१७ पीपीएमवर गेली, तोवरचा उच्चांक! ‘पृथ्वी बरी होतेय’ म्हणणाऱ्या तेव्हाच्या संदेशांना तापमानवाढीच्या बाबतीत तरी आधार नव्हता.

मिथेनने तर सगळ्यांनाच चकित केलं. २०२०मध्ये त्याचं प्रमाण सुमारे १५ पीपीबीने वाढलं. १९८३पासूनच्या नोंदींत तोवर एका वर्षात इतकी वाढ झाली नव्हती.

इथे हिराम लेव्ही यांची आठवण काढायलाच हवी. १९७१मध्ये ‘सायन्स’मधल्या छोट्या लेखात त्यांनी दाखवलं, की जमिनीलगतच्या हवेतही ऊन, ओझोन आणि बाष्प यांच्यापासून हायड्रॉक्सिल मूलक सतत तयार होतं. ते सेकंदभरच जगतं, पण मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड नष्ट करण्याचं बहुतेक काम तेच करतं. आजचं वातावरणरसायन या शोधावर उभं आहे, तरी लेव्हींचं नाव अभ्यासकांबाहेर कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे मूलक म्हणजे हवेतला झाडूवाला. एकदा कचरा उचलला की त्याचा झाडू जातो. धुरातला नायट्रिक ऑक्साइड तो त्याच्या हाती परत देतो. टाळेबंदीत धूर घटला, झाडू कमी परतले आणि मिथेन जास्त काळ हवेत राहिला. २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने वाढीचा साधारण निम्मा वाटा या कारणाला दिला, उरलेला उष्ण-ओलसर वर्षात जास्त मिथेन सोडणाऱ्या पाणथळ जागांना. काही संशोधक पाणथळींचा वाटा याहून बराच मोठा मानतात. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून धूर होऊ द्यावा असं नाही. त्या धुराने फुप्फुसं जातात. पण शहरांची हवा स्वच्छ करताना मिथेनला उगमापाशीच रोखावं लागेल. उपग्रहांच्या मदतीने २०२२मध्ये भरमसाट मिथेन सोडणाऱ्या कचराभूमी शोधल्या गेल्या, त्यांत ब्युनोस आयर्स, लाहोर आणि दिल्लीबरोबर मुंबईही होती.